पांढराशुभ्र दोर

एका खडकाळ गावात एक दोर वळणारा राहत होता. त्याचं नाव नथनेल, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड? सगळे त्याला नथू म्हणत. गावाच्या बांधाबांधावर घायपात माजलेलं असे. त्याची जाड काटेरी पानं कापायची, खड्ड्यातल्या पाण्यात भिजत घालायची, मग बडवून त्यातला वाख, म्हणजे धागा, सोडवायचा आणि दोर वळायचा. नथूच्या घरात आजापासून हेच काम.

गावाला विहीर एकच. चर्चच्या अंगणात, साठ हात खोल. वरून खडा टाकला की पाण्याचा आवाज येईपर्यंत माणसाला आपल्याच छातीचे ठोके ऐकू येत. आया लेकरांना तिच्या कठड्याजवळ फिरकू देत नसत. पण सगळं गाव जगत होतं तिच्यावरच. घरोघरी पोहऱ्याला बांधायला एक बारीक लांब दोर असे. तोही नथूनंच वळलेला.

दर वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा. त्यासाठी नवा जाड दोर लागे, माणूस उतरवायला. आणि त्या दोराची गावात एक रीत होती. ज्यानं दोर वळला त्यानंच आधी उतरायचं. तळाला उभं राहून मोठ्यानं हाक द्यायची, "दोर खरा आहे!" ती हाक ऐकल्याशिवाय दुसरा माणूस दोराला हात लावत नसे. नथूच्या बापानं ती हाक दिली होती, आजानं दिली होती. नथू बारा वर्षं देत आला होता. एकदाही ती हाक खोटी पडली नव्हती.

नथूचा गळा गोड. तो प्रार्थना करायला उभा राहिला की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. हळूहळू त्याचं नाव झालं. आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. चर्चच्या पाळकसाहेबांनीही ठरवलं की येत्या सणाच्या रविवारी नथूला मंडळीचा वडील नेमायचं. चर्चला येणाऱ्या सगळ्या मंडळीची काळजी वाहणारा, तंटे सोडवणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा तो वडील. नथूला फार आनंद झाला. तो आरशात बघून मिशा विंचरू लागला.

त्या वैशाखात शेजारच्या गावी सभा भरली होती. नथूला विश्वासूपणावर बोलायला बोलावलं. तो दोन दिवसांसाठी गेला. लोक म्हणाले, "अजून एक दिवस थांबा, नथनेलभाऊ." नथू थांबला. नथनेलभाऊ म्हणून कुणी हाक मारली की त्याचा पायच निघेना. असं करता करता सहा दिवस झाले. इकडे नव्या दोरासाठी घातलेली घायपाताची पानं खड्ड्यात भिजतच होती.

पानं दिवस मोजून भिजवावी लागतात. कमी भिजली तर वाख सुटत नाही. जास्त भिजली तर वाख कुजतो. आणि कुजलेल्या वाखाची गोष्ट अशी, की तो दिसायला फार सुंदर असतो. पांढराशुभ्र, रेशमासारखा मऊ. फक्त त्यात जीव राहिलेला नसतो.

नथूनं घरी आल्याबरोबर एक धागा काढून बोटाला गुंडाळला आणि ओढला. धागा न कुरकुरता तुटला.

नवी पानं कापून भिजवायची तर पंधरा-वीस दिवस हवेत. गाळ काढायचा दिवस तर पाचव्या दिवसावर आलेला, आणि त्यानंतरचा रविवार सणाचा. उशीर का झाला, असं गावानं विचारलं तर काय सांगायचं? विश्वासूपणावर बोलत होतो म्हणून?

नथूनं घरातला उरलासुरला चांगला वाख घेतला आणि त्यात हा पांढरा वाख मिसळला. "मी तर काडीपैलवान," तो मनाशी म्हणाला, "मला पेलेल. बाकीच्यांना प्रभू सांभाळेल." हे म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज गोड लागला.

गाळ काढायच्या दिवशी सगळं गाव विहिरीवर जमलं. नवा दोर पाहून लोक थक्क झाले. उन्हात चांदीसारखा चमकत होता.

तळाला गाळ उपसायचं काम बर्णबाचं. बर्णबा म्हणजे उभा आडवा दरवाजाच. तो दोर कुरवाळत म्हणाला, "नथ्या, हा दोर आहे का नवरीचा शालू? माझ्या वजनाचा वळलायस ना, का नुसती प्रार्थना म्हणून घेतलीस?"

लोक हसले. नथूही हसला, पण बर्णबाकडं न बघता.

तेवढ्यात बर्णबाची आई शलोमेबाई पुढं आली. नवरा गेल्यावर तिला हा एकच लेक उरला होता. ती पूर्वी लेक वर येईपर्यंत घरी जात नसे, पण नथू दोर वळायला लागल्यापासून जाऊ लागली होती. तिनं दोराला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "नथू, तुझा दोर आहे बाबा. मी जाते, भाकरी थापते." आणि ती खरंच निघून गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिला हाक मारून थांबवावं, असं नथूला वाटलं. पण माणसं वाट पाहत होती. तो दोराला बांधलेल्या पाटावर बसला आणि चार गड्यांनी चाकावरून दोर सोडायला सुरुवात केली.

वीस हात गेला. उजेड कमी झाला. चाळीस हात गेला. बोलणी ऐकू येईनाशी झाली. आणि मग डोक्यावर कुठंतरी बारीकसा आवाज झाला. टक्.

दोराचा एक पदर तुटला होता. वर कुणालाच ऐकू गेलं नाही. नथूला मात्र तो आवाज पायाच्या नखापर्यंत गेला. तो जीव मुठीत धरून बसून राहिला. दोर धरून राहिला कसाबसा. पाय गुडघाभर पाण्यात टेकले.

ती वेळ भर दुपारची होती. वर्षातून याच दिवसांत, थोडा वेळच, सूर्य बरोबर विहिरीवर येतो. त्याचा उजेड साठ हात खाली उतरतो आणि तळाचं पाणी सोन्यासारखं पेटतं. नथू बरोबर त्या उजेडात उभा होता. चारी बाजूंना काळा ओला दगड. वर आभाळाचा एवढासा तुकडा, परातीएवढा. ना कुणी वाहवा म्हणणारं, ना कुणी मिशा बघणारं. देवानं दिवा खाली सोडून विचारावं, "नथनेल, कुठं आहेस?" असा तो उजेड होता.

इतक्या प्रार्थना त्यानं केल्या होत्या, पण देव इतका जवळ उभा असल्याचं त्याला कधी जाणवलं नव्हतं.

वरून बर्णबाची हाक आली, "नथ्याऽऽ! झोपलास का? हाक दे की!"

एक वाट अजून होती. पोटात कळ आली म्हणून सांगायचं, हळूच वर यायचं, दोर घरी न्यायचा. कुणाला कळणार नाही. पण वर दोराला हात घालून बर्णबा उभा होता. अर्धा शब्द चुकीचा ऐकला तरी तो पाट वर ओढून त्यावर बसला असता. आणि पलीकडं एका घरात तवा तापला होता.

नथूनं डोळे मिटले. सभेतला गोड आवाज या वेळी आलाच नाही. घोगरा, फाटका आवाज आला.

"दोर खोटा आहे! कुणी बसू नका! वाख कुजका आहे, मला ठाऊक होतं!"

विहिरीनं ते शब्द उचलले आणि दगडादगडावर आपटत वर नेले. ठाऊक होतं, ठाऊक होतं.

नथू मान वर करून उभा होता. शेवटी परातीएवढ्या आभाळात बर्णबाचं डोकं दिसलं.

"ठाऊक होतं?"

"होय."

डोकं नाहीसं झालं. नथूला वाटलं, संपलं. या दोरानं वर जाता येत नाही आणि माणूस पेलेल असा दुसरा दोर गावात नाही. सोडून जातील तर जाऊ देत, आपण तरी बर्णबाचं काय वेगळं करणार होतो? आणि गंमत अशी, की भीती वाटायच्या ऐवजी त्याला हलकं वाटत होतं. कैक महिन्यांत पहिल्यांदाच तो देवाशी काही न सजवता बोलला. नुसतं "माझं चुकलं" एवढंच.

वर बर्णबा ओरडत होता, पण गावावर. "बघता काय तोंडाकडं? घराघरातले पोहऱ्याचे दोर आणा!"

बायका धावल्या. नऊ घरांतून नऊ बारीक दोर आले. चर्चच्या वाटेवर ते लांब पसरले आणि माणसं ते एकत्र वळायला लागली. कुणाला धड येत नव्हतं.

खालून आवाज आला, "पीळ कमी द्या! नाहीतर आखडेल!"

"तू खाली गप बस!" बर्णबा खेकसला. पण पीळ त्यानं कमी दिला.

सोनेरी उजेड कधीच पाण्यावरून उठून भिंतीवर चढला होता. नथूचे पाय गारठून दगड झाले, तेव्हा तो दोर खाली आला. नथूनं त्याला हात लावला आणि त्याला एकेक दोर ओळखू आला. हा आपण भर उन्हात वळलेला. हा बाप गेला त्या वर्षीचा. सगळे खरखरीत, तांबूस, हाताला टोचणारे. तेव्हा त्याला कुणी भाऊ म्हणत नव्हतं, आणि एकही धागा खोटा नव्हता. त्याच दोरांनी त्याला साठ हात वर उचललं. सगळ्यांत पुढं, कमरेला दोराचा वेढा घेऊन, बर्णबा ओढत होता.

नथू वर आला. बर्णबानं तो पांढराशुभ्र दोर उचलला, कठड्याच्या खुंटाला अडकवला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. दोर वाळक्या काडीसारखा तुटला. बर्णबा हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला. एवढा दरवाजासारखा माणूस, पण मटकन खाली बसला.

शलोमेबाई येऊन उभी होती. हाताला पीठ तसंच.

"माझा लेक गेला असता," ती म्हणाली.

"होय, मावशी."

"मी भाकरी थापत असताना."

"होय, मावशी." नथूनं मान खाली घातली, पण एका शब्दानंही सारवासारव केली नाही.

तिचा हात वर गेला. लोकांना वाटलं, आता ठेवून देते. पण तो हात तसाच खाली आला. "ओला झालायस," ती म्हणाली. "घरी जा."

नथू पाळकसाहेबांकडं वळला. "साहेब, रविवारी माझं नाव घेऊ नका."

"घेणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण प्रार्थनेला ये."

नथू गेला. सगळ्यांत मागं बसला. त्यानं नवी पानं कापली, भिजत घातली आणि खड्ड्याशेजारून हलला नाही. बाहेरगावची बोलावणी आली, तर म्हणे, "वाख भिजतोय." विसाव्या दिवशी दोर तयार झाला. तांबूस, खरखरीत.

"म्हशीच्या शेपटीसारखा दिसतोय," बर्णबा म्हणाला.

"तसाच आहे. ओढून बघ."

बर्णबानं ओढला. मग दोन गडी घेऊन ओढला. नथू उतरला आणि तळाशी त्याच जागी उभा राहून त्यानं हळूच म्हटलं, "दोर खरा आहे." मग एकदा मोठ्यानं. बर्णबा लगेच पाटावर बसला. शलोमेबाई मात्र त्या दिवशी घरी गेली नाही. लेक वर येईपर्यंत कठडा धरून उभी राहिली. नथूला राग आला नाही. आपण काय तोडलं होतं, ते त्याला कळत होतं.

वर्ष गेलं. नथू मागंच बसत होता, थोडं बोलत होता, आजाऱ्याच्या उशाशी मात्र कुणी न सांगता जात होता. पुन्हा वैशाख आला. पुन्हा सगळं गाव विहिरीवर जमलं.

शलोमेबाई पुढं आली. तिनं दोर हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. मग तोच हात कपाळाला लावला.

"मी जाते," ती म्हणाली, "भाकरी थापते."

ती चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. नथू पाटावर बसला होता, त्याला दोर दिसेना, विहीर दिसेना, इतके डोळे भरून आले. आजूबाजूच्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तात्पर्य: आपला खोटेपणा आपल्याच तोंडानं, नुकसान सोसून आणि वेळेवर कबूल करतो तोच पुरुष प्रभूच्या नजरेत वाढतो, तुटलेला विश्वास मात्र त्याला धीरानं, एकेक धागा वळत, पुन्हा मिळवावा लागतो.