सटवा भोयाचा बघणारा

सांगायची नव्हती. मागल्या वेळी सांगितली तेव्हा भर पंगतीत एकाने मला खोटारडा म्हटलं. पण तुम्ही काही सुखाने बसू देत नाही. ऐका, आणि मधे बोलू नका.

फार फार मागे, सावरडोहावर पूल नव्हता तेव्हा, सटवा भोई तिथे नाव चालवायचा. माणसं मोजल्याशिवाय तो नाव सोडत नसे. या काठी जितकी चढली तितकीच त्या काठी उतरली पाहिजेत, एवढाच त्याचा धर्म. त्याच्या नावेत कधी एक माणूस कमी झाला नाही, असं म्हणतात.

एका दुपारी दोन शास्त्री चढले. त्रिंबकशास्त्री अद्वैतवाले, वरदाचार्य द्वैतवाले. एकाच गुरूपाशी एकच उपनिषद शिकलेले. त्यात एका झाडावरच्या दोन पाखरांची गोष्ट आहे. एक फळ खातं, दुसरं नुसतं बघतं. आचार्य म्हणत, बघ, जीव वेगळा, ब्रह्म वेगळं. शास्त्री म्हणत, पुढे वाच, शेवटी सगळं एकच. वीस वर्षं हेच. त्या दिवशी दोघांनी पोथीवर हात ठेवून पैज लावली. हरेल त्याने डोहात उडी घ्यायची, आणि निवाडा सटवाने करायचा.

सटवाने दोन मोजले होते, दोनच उतरवायचे होते. मधल्या डोहात त्याने वल्हं वर घेतलं. पाणी तेलासारखं थिजलं. वर दोघे तावातावाने भांडत होते. पाण्यातले दोघे मात्र तोंड मिटून वर बघत होते. सटवाने हात हलवून पाहिला. पाण्यातल्या सटवाने हलवला नाही.

"खाली बघा," तो म्हणाला. "एकच असाल तर खालचा गप्प का? दोन असाल तर त्याला तुमचं तोंड कुणी दिलं? आधी सांगा, मग मारा उडी."

दोघं कडेवरून वाकून उत्तर शोधत राहिले, आणि सटवाने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. पैलतीरी दोघंही उतरले. पुढे एकाच पाठशाळेत, एकाच पोथीवरून, सकाळी एक शिकवी आणि दुपारी दुसरा. भांडण मिटलं नाही, पण उडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सटवाचं प्रतिबिंब मात्र त्याच्याबरोबर काठाला आलंच नाही. सटवा मेल्यावर त्याला जाळलं त्या दिवशीही ते डोहात बसून वर बघत होतं, असं म्हणतात.

आता पूल झाला, तरी नाव आहे. नावाडी माणसं मोजतो आणि शेवटी म्हणतो, "आणि एक बघणारा." गावात दोघांचं वाकडं आलं की त्यांना मधल्या डोहात नेतात. पाण्यात बघायचं, बोलायचं नाही. बहुतेक जण गप्प होऊन येतात.

मीही बसून आलो. समोरची फळी रिकामी होती. मला खोटारडा म्हणणारा काठावरूनच परत फिरला. खोटी गोष्ट आहे ना, मग पाण्यात बघायला भ्यायचं कशाला? अजून माफी मागितलेली नाही त्याने. खालच्या आळीतला केरबा सुतार.