सावळाईची तहान

एका राज्यात डोंगरमाथ्यावर एक उघडेबोडके पठार होते, आणि त्या पठारावर सावळाई नावाचे झुडूप उगवत असे. पाने काळसर, फुले मोहरीएवढी पांढरी. तिच्या चिकाचा थेंब पडला की जखम मिटे. तिचा काढा घेतला की अडलेली बाळंतीण सुटे. पण सावळाईवर कुणाची सावली पडली, की ती सावली पिऊन टाकी आणि माणूस जागच्या जागी मरे. तेवढ्यावर भागत नसे. सावली गेलेल्या देहाला चिता धरत नसे. लाकडे जळून जात आणि देह तसाच राही. अशी कितीतरी माणसे त्या राज्यात घरोघरी निजवून ठेवलेली होती. ना इथली, ना तिथली.

म्हणून खुडणाऱ्यांची एक रीत होती. ऐन माध्यान्ही जायचे, पोटावर सरपटत जायचे, म्हणजे सावली अंगाखाली दबून राहते. पायाला दोर बांधायचा आणि त्याचे टोक दुसऱ्याच्या हाती द्यायचे. ऊन कलले की त्याने ओढायचे. पठारावर राजाचा पहारा असे आणि त्याच्या परवानगीनेच खुडता येई. सावळाईसमोर कुणी उभे राहिल्याचे कुणाच्या आठवणीत नव्हते.

विसाजी आणि जैतू हे दोघे सख्खे भाऊ खुडणारे होते. विसाजी थोरला आणि शांत. जैतू धाकटा, भात शिजण्याआधी झाकण काढणारा. एके दिवशी खालच्या गावात एक बाई अडली. विसाजीने एक फांदी खुडली, दुसरीला हात घातला, आणि ऊन कलले.

"ओढ, जैत्या," तो म्हणाला.

जैतूने ओढले. पण विसाजीच्या कोपराची चिंचोक्याएवढी सावली एका पानावर पडून चुकली होती.

बाई सुटली, तिला मुलगी झाली. विसाजी चौघांच्या खांद्यावर घरी आला. चिता पेटली, विझली, आणि विसाजी राखेत तसाच निजलेला. धोतरसुद्धा करपले नव्हते. आईने त्याला पुन्हा ओसरीवर आणून निजवले आणि ती शेजारी बसली. ती अन्नाला शिवेना.

जैतूने मशाल उचलली आणि तो पठाराकडे निघाला. पठाराच्या कडेला एका जुन्या झाडावर धनेश पक्षी बसला होता. चोच मोठी, आवाज त्याहून मोठा.

"कुठे?" धनेशाने विचारले.

"जाळायला."

"कुणाला?"

"त्या अवदसेला."

"जाळ. तुझा भाऊ तिच्या पोटात आहे, तोही जळेल."

जैतूचा हात खाली आला. धनेश म्हणाला, "या पठारावर पूर्वी एक नांदरूक होते. माझी पणजी त्याच्या ढोलीत जन्मली. सावळाई त्याच्या सावलीत वाढली, कुणाचे वाकडे करीत नव्हती. तुमच्या राजाच्या आज्याला वाटले, औषध आपल्या एकट्याचे असावे. चोर लांबून दिसावा म्हणून त्याने नांदरूक तोडले. झाडातली देवता जाता जाता बोलली, तुम्ही हिची सावली घेतलीत, आता ही तुमची घेईल. आणि तुम्ही शहाणे, नेमके सावली नसताना येता. तहानलेल्याच्या दारी रिकामी घागर घेऊन."

"झाड पुन्हा लावले तर दादा उठेल?"

"नाही."

जैतू खडकावर बसला. मशाल त्याच्या पायाशी विझून गेली. तो म्हणाला, "मग उपयोग काय?"

"त्याला जाता येईल."

जैतूने तोंड फिरवले, डोळे पुसले, आणि विचारले, "काय करू ते सांग."

"तीन कामे. बी आणायचे, पाणी आणायचे, आणि उभे राहायचे. त्या जातीच्या नांदरूकाचे बी सात डोंगरांपलीकडे आहे, ते मी आणतो. पण माझी बायको या ढोलीत अंड्यांवर बसली आहे, दार चिखलाने लिंपलेले आहे. मी येईपर्यंत तिला तू भरव."

धनेश उडाला. जैतू उंबरे वेचून आणी, झाडावर चढे, आणि फटीतून आत सरकवी. आतून आवाज येई, "उशीर केलास."

"धावतच आलो, वहिनी."

"हे किडके आहे."

"गोड आहे ते."

"मग तूच खा."

जैतूला राग येई, पण तो दुसरे उंबर शोधून आणी. धनेश परतला तेव्हा त्याने मान वाकवून एक बी जैतूच्या ओंजळीत ओकले. "स्वच्छ आहे," तो म्हणाला.

धनेशाने सांगितलेले पाणी होते एका जुन्या बारवेत, आणि बारवेच्या शेवटच्या पायरीवर भुरंग नावाचा मांत्रिक बसलेला होता. त्याच्या दाढीत शेवाळ वाढले होते. या पाण्याने पेरलेले बी एका दिवसात वृक्ष होई.

"मोल काय?" जैतूने विचारले.

"तुझ्या भावाची शेवटची हाक. ती दे आणि पाणी ने."

ती हाक जैतूच्या कानात दिवसरात्र वाजत होती. तिच्यामुळे त्याला झोप नव्हती. तरी ती देताना त्याचा जीव अडखळला, कारण दादाचे तेवढेच ताजे उरले होते.

"दुसरे काही माग."

"दुसरे तुझ्याकडे काय आहे?"

जैतूने कान पुढे केला. मांत्रिकाने बोटाने हाक काढून घेतली आणि ती शिंपल्यात ठेवली. जैतूने घडा भरला. दादा काहीतरी म्हणाला होता एवढे त्याला आठवे. काय, ते आठवेना.

तिसरे काम उरले. सूर्य उगवताना जैतूने पठाराच्या मधोमध बी पेरले, पाणी घातले, आणि तो सावळाईकडे तोंड करून ताठ उभा राहिला. त्याची लांब सावली कोंबावर आणि सावळाईवर पडली. हिसकावलेली सावली एका घोटात जाते, दिलेली घोटाघोटाने जाते. सावळाई पिऊ लागली. जैतूचे पाय गार पडले, मग गुडघे. ज्याला घटकाभर एका जागी बसवत नसे, तो हलला नाही. सूर्य सरके तसा तो फक्त पाऊलभर बाजूला होऊन आपली सावली तिच्यावर धरी.

पहारेकऱ्यांनी राजा शूरपाळाला वर्दी दिली. राजा घोड्यावरून आला आणि लांबूनच म्हणाला, "खाली पड, वेड्या. मरशील."

"तहानली आहे ती, महाराज. तुमच्या आजोबांनी तिचे झाड तोडले."

"तुला कुणी सांगितले?"

"धनेशाने."

राजाने मान खाली घातली. वाड्यात ही गोष्ट कुणी बोलत नसे, पण राजाला ठाऊक होती. जैतूची सावली आता धुरासारखी विरळ झाली होती आणि दिवस बराच उरला होता. राजा घोड्यावरून उतरला, जोडे काढले, आणि चालत येऊन जैतूच्या शेजारी उभा राहिला.

"सरक जरा," तो म्हणाला. "माझीही घेऊ दे तिला."

खुडणारे पठाराच्या कडेला जमले होते; ते पाहून त्यांतली गोफणी नावाची म्हातारी उठली. साऱ्या खुडणाऱ्यांत ती वडीलधारी होती आणि जन्मभर या पठारावर सरपटली होती. "माझी कंबर काही सरळ होत नाही," ती म्हणाली, "पण वाकडी सावली चालत असेल तर घे ग बाई." मग एकेक करून सगळे उभे राहिले.

दिवस कलला तेव्हा नांदरूक त्यांच्या डोक्यांवरून वर गेले होते. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकल्या, सावली पठारभर पसरली, आणि सावळाईने पाने मिटली. तिची तहान भागली. शाप सुटला. उभ्या राहिलेल्यांना त्यांच्या सावल्या परत मिळाल्या, आणि मग झुडपांखालून जुन्या सावल्या बाहेर पडू लागल्या. कुणी खोकत, कुणी पदर सावरत, त्या आपापल्या घरांकडे चालू लागल्या.

जैतू डोंगर उतरला तेव्हा त्याच्या पायांतून दोन सावल्या निघत होत्या. दुसरी थोडी उंच होती. जैतू हळू चालला, वाट लांबावी म्हणून त्याने ओढ्याकडून वळसाही घेतला.

घरी आईने दिवा लावला होता. भिंतीवर दोन सावल्या पाहून तिने उंच सावलीकडे बराच वेळ पाहिले.

"आलास?" ती म्हणाली. "दमला असशील. नीज आता."

सावली ओसरीवर गेली आणि विसाजीच्या अंगाखाली निजली. सकाळी विसाजीच्या देहाला चिता पहिल्याच ठिणगीला धरली. त्या दिवशी राज्यात घरोघरचे धूर वर चढले आणि दुपारी घरोघर चुली पेटल्या. जैतूने ताट वाढले, आणि आई जेवली.

राजाने पठारावरचा पहारा उठवला. सावळाई ज्याची गरज त्याची झाली. माणसे उभ्याने जात आणि सावलीत बसून खुडत. झुडपाला छाया मिळाली, मेल्यांना वाट मिळाली, जित्यांना घास मिळाला; त्या राज्याचे जे बिघडले होते ते असे नीट बसले.