ठकूबाईचे ‘थांबा!’

पुष्कळ काळ लोटला त्याला. एका राज्यात काशाच्या घंटा घडवणारी मोठी ओतशाळा होती. म्हाळोजी तिचा नायक. हात कसबी, पण स्वभाव असा, की त्याच्या हुकमाशिवाय तिथे पानही हलू नये.

राजाने गडाच्या दरवाजासाठी माणसाच्या उंचीची घंटा सांगितली. पाच भट्ट्या पेटल्या. तिसऱ्या भट्टीवर शिदोजी या कारागिराचा वितळलेल्या काशाचा रस तयार झाला, पण नायक पहिल्या भट्टीपाशी गुंतलेला. हुकूम येईपर्यंत रस निवला, आणि तसाच साच्यात ओतला गेला. पुढे भर दरबारात पहिला टोला पडला आणि घंटा तडकली.

“रस निवत होता, तर बोलला का नाहीस?” म्हाळोजी कडाडला.

“नायक, पाहायचं आम्ही आणि बोलायचं तुम्ही, असाच इथला रिवाज आहे,” शिदोजी म्हणाला.

म्हाळोजीला ते झोंबले. आधी राग आला, मग रागाहून जास्त लाज वाटली. बारा माणसांचे चोवीस डोळे हाताशी होते आणि त्याने आपले दोनच वापरले होते!

राजाने आणखी एक संधी दिली. “या खेपेला चुकलास, तर ओतशाळा सोडायची.”

म्हाळोजीने सगळ्यांना जवळ बसवले. “आजपासून ज्याची भट्टी, त्याचा शब्द. आणि धोका दिसला की कुणीही ‘थांबा’ म्हणावं. मग सगळ्यांचे हात थांबतील. माझेसुद्धा.”

ओतण्याचा दिवस उजाडला. राजा आला, प्रधान आला. पाचही भट्ट्यांवरून “तयार!” अशी आरोळी उठली. एवढ्यात साच्याची माती लिंपणारी ठकूबाई ओरडली, “थांबा!”

तिने साच्याच्या भोकावर तांब्याची लखलखीत तबकडी धरली होती. तबकडी आतल्या वाफेने धुरकटली होती. “साचा आतून ओला आहे, नायक.”

प्रधान संतापला. “मुहूर्त टळतोय! एका माती मळणारीच्या शब्दावर महाराजांना तिष्ठत ठेवणार?”

म्हाळोजीच्या कपाळावर घाम फुटला. सकाळी त्याने स्वतः साचा पाहिला होता. त्याला तो कोरडा वाटला होता. ‘ओता’ हा शब्द अगदी ओठांवर आला. तो त्याने गिळला.

“महाराज, इथे माझ्या शब्दाइतकंच वजन ठकूबाईच्या शब्दाला आहे. ओतणं थांबलं.”

साचा उकलला. बुडाशी झिरपलेले पाणी होते. माती चिखल झाली होती. उकळता रस त्यात पडता, तर साचा फुटून राजासकट सगळे भाजून निघाले असते. 

नवा साचा लिंपला, आठ दिवस वाळवला. ठकूबाईने तबकडी धरून मान डोलावली. शिदोजीने हाक दिली, बाकीच्यांनी साद दिली, आणि पाच धारा एकाच वेळी साच्यात उतरल्या. म्हाळोजी नुसता उभा होता. इतका निर्धास्त तो उभ्या जन्मात कधी नव्हता.

गडावर टोला पडला. नाद सात गावे ओलांडून गेला! राजा सिंहासनावरून उठला, लोकांनी जयघोष केला, आणि ओतशाळेतल्या बारा जणांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या वर्षी दूरदूरच्या राज्यांतून घंटांची मागणी आली, आणि म्हाळोजीच्या हाताखाली काम मिळावे म्हणून कसबी माणसे आपण होऊन येऊ लागली.

तात्पर्य : ज्याच्या हाताला काम कळते, त्याच्या शब्दाला अधिकार द्यावा, त्याने नायक लहान होत नाही, काम मोठे होते.