हळदीच्या पेढीची टपालपेटी

एकदा एका हळदीच्या पेढीवर, कोणी उघडलेच नव्हते ते पत्र उघडलेले दिसले. पेढीचे टपाल संगणकावर येई आणि न वाचलेले पत्र तिथे ठळक अक्षरांत दिसे. परगावच्या मोठ्या ग्राहकाचे हे पत्र मात्र आले तसे फिकट. टपाल सांभाळणाऱ्या सुलक्षणाने तर त्याला हातही लावला नव्हता. चौथ्या दिवशी तो ग्राहक थोड्या कमी भावात दुसऱ्या पेढीकडे वळला. पेढीच्या मालकाने, व्यापाऱ्याने, तिच्याकडे पाहणे सोडले. आपल्यावर संशय आहे, हे तिला कळले.

नवी, सुरक्षित टपालसेवा निवडायचे ठरले. तिने तीन कंपन्यांकडे चाचणीपुरती एकेक पेटी घेतली आणि तक्ता केला: मोबाइलवर येणारा जादा कोड, कूटबद्ध मजकूर, परक्या संगणकावरून कोणी शिरल्यास सूचना. तिन्ही नावांपुढे होकारच होकार. गोंधळून तिने आपल्या गुरूंना, एका निवृत्त पोस्टमास्तरांना, पेढीवर बोलावले.

मास्तरांनी तक्त्याची घडी घातली आणि तिला तिन्ही कंपन्यांना फोन लावायला सांगितले. मागायचे एवढेच, की पासवर्ड विसरले, घाई आहे, पेटी उघडून द्या.

पहिल्याने गोड बोलून लगेच नवा पासवर्ड दिला. दुसऱ्याने फक्त पेढीचे नाव विचारले, जे प्रत्येक पोत्यावर छापलेले असते, आणि पेटी उघडून दिली. दोघे किती तत्पर, म्हणून ती सुखावली, तोच मास्तरांनी दोन्ही नावे खोडली. तिसऱ्याचा फोन नुसता वाजत राहिला.

"फोन न उचलणाऱ्याकडे पत्रं ठेवायची का, मास्तर?" व्यापाऱ्याने टोमणा मारला.

मास्तर म्हणाले, "शेठ, अधिकारपत्राशिवाय मी रजिस्टर पत्र सख्ख्या भावाच्या हातीही दिलं नाही. लोक शिव्या देत. कुलूप तिघांचंही भक्कम आहे. आपण रखवालदार पारखतोय. आणि तुमचं काय? सौद्यात भाव सांगता तो रुमालाखाली बोटं दाबून, शेजाऱ्यालाही कळू नये म्हणून. पेटीचा पासवर्ड मात्र गादीवरून ओरडून सांगता. मघाशी पायरीवर चपला काढताना मीसुद्धा ऐकला. दारात तेव्हा तीन दलाल बसले होते."

व्यापारी त्या दिवसानंतर प्रथमच सुलक्षणाकडे पाहून म्हणाला, "चुकलंच माझं, पोरी."

तिने पुन्हा तिसरा क्रमांक लावला. घंटा वाजत राहिली. ठेवून द्यावा असे वाटत असतानाच पलीकडून एक शांत आवाज आला. तिने घाईघाईने मागणी सांगितली.

"ताई, पेटी तुमचीच असेल," तो आवाज म्हणाला, "पण अशी उघडून देता येणार नाही. तुम्ही फोन ठेवा. मालकांचा जो नंबर आमच्याकडे नोंदलेला आहे, त्यावर आम्ही त्यांनाच विचारतो."