नरकासुराच्या मिश्या

कोकणातल्या एका गावात एक चितारी होता. गणपती रंगवावा तो त्याने, आणि दिवाळीला नरकासुराचं तोंड रंगवावं तेही त्यानेच. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत गवत आणि फटाके भरलेला नरकासुर जाळायचा, मग अभ्यंगस्नान आणि मग पोहे, असा गावाचा नेम होता. नरकासुर जळल्याशिवाय पोह्यांना कोणी हात लावत नसे.

एका वर्षी नरकासुर उभा राहिला, चूड पेटली, तेवढ्यात खोत पुढे आले.

"थांबा. ह्या मिश्या माझ्या आहेत."

"तुमच्या तुमच्याकडेच आहेत की, खोतसाहेब," चितारी म्हणाला.

तोवर हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता सगळा गाव एकदा नरकासुराकडे आणि एकदा खोतांकडे बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. शेवटी मिश्या पुसल्या.

मिश्या गेल्या तसे वैद्यबुवा खाकरले. "हा ओठ माझा वाटतो."

ओठ बदलला, तर वाण्याला स्वतःचे तिरळे डोळे दिसले. डोळे सरळ केले, तर भटजी रागावले. "इतकं सरळ बघणारा गावात मी एकटाच आहे!"

पूर्वेला तांबडं फुटलं. सूर्याने नरकासुर उभा पाहिला, तर वर्षभर गावाची मान खाली. पोरं पोह्यांसाठी रडकुंडीला आली होती, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही. चिताऱ्याच्या स्वतःच्या पोटात कावळे ओरडत होते.

त्याने ओल्या फडक्याने सगळं तोंड पुसलं आणि भराभर नवं काढलं. नकटं नाक, सुपासारखे कान, पुढचे दोन दात पडलेले.

"हा कोण?" खोतांनी विचारलं.

"मी. आहे कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. चिताऱ्याची बायको तेवढी म्हणाली, "आत्ता कुठे हुबेहूब जमलाय."

नरकासुर धडाधड फुटत जळला. गाव पोट धरून हसला, चितारी सगळ्यांत जास्त. त्या दिवशी घरोघरी पोहे खाताना त्याचंच नाव निघत होतं. खोतांचं नाव कोणी काढलं नाही, आणि ते खोतांना फार लागलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी खोत आपणहून चिताऱ्याच्या दारात आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "यंदा मिश्या जरा झुपकेदार काढ."

तात्पर्य: जो आधी ओरडतो, तो आपलंच तोंड गावाला दाखवतो, जो स्वतःला हसतो, त्याला पोहे वेळेवर मिळतात.