ताटाची डावी बाजू

"बाबा, मी मठ सोडून गेलो तर चालेल का?"

पुंडलिकानं विचारलं. तो केशवनाथबाबांच्या डाव्या हाताला बसला होता. ही जागा मठातल्या सगळ्यात जुन्या शिष्याची.

बाबांनी मान वळवली ती उजवीकडे. तिथे हणमंतराव बसले होते.

"का रे हणमंता, कंटाळलास?"

हणमंतराव गडबडले. "मी नाही बाबा. पुंडलिक विचारतोय."

"पुंडलिक? तो कुठाय?"

पुंडलिक हातभर अंतरावर बसला होता.

आता केशवनाथबाबांचं बोलणं असंच तिरपागडं असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देव कुठे आहे म्हणून विचारणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी उलट विचारलं होतं, तुमच्या वहाणा कुठे आहेत? तेव्हा हाही उपदेशच असणार, असं पुंडलिकानं धरून चालायचं ठरवलं. 'पुंडलिक कुठाय' म्हणजे 'मी' कुठे आहे... गोठ्यात शेण काढता काढता त्यानं त्यावर चिंतन करून पाहिलं.

चिंतन काही जमलं नाही. जळफळाट तेवढा वर आला.

हणमंतराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि मठात आले, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पुंडलिक मिसरूड फुटायच्या आधीपासून इथला. उन्हाळ्यात बाबा न्हाणीच्या दगडावर कोसळले, तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन टेकडी उतरला तो पुंडलिकच. दवाखान्यात राहायला बाबांनी साफ नकार दिला. पाय थोडा ओढत का होईना, चालू लागले, बोलू लागले. बाबा बरे झाले म्हणून गावानं पेढे वाटले.

बरे झाले, आणि तेव्हापासून पुंडलिकाकडे बघेनासे झाले.

सगळ्यात वाईट जेवणाची वेळ. मठात ताट वाढायची रीत चार घरांसारखीच. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे भाजी, आमटी. चटणी करायचा पुंडलिक, भाजी हणमंतराव. बाबा भाजीची वाटी पुसून खायचे. जवसाच्या चटणीसाठी पूर्वी भाकरीचा शेवटचा तुकडा राखून ठेवायचे, ती चटणी आता बोटही न लागता परत यायची.

पुंडलिक जळत होता. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. हणमंतराव हसले तरी त्याला टोचायचं, खोकले तरी टोचायचं. बाबा बघतात ते यांच्याकडे, बोलतात ते यांच्याशी. काठी मागतात तीही यांच्याकडे, आणि काठी असते पुंडलिकाच्या हातात.

निघायचं, हे त्यानं पक्कं केलं. पण 'तू नकोस' हे बाबांच्या तोंडून ऐकूनच निघायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताट उलटं वाढलं. चटणी उजवीकडे, अगदी बाबांच्या बोटांपाशी. भाजी डावीकडे. नको असेल तर तोंडावर सांगा, एवढंच त्याला हवं होतं.

बाबांनी भाकरी मोडली. चटणीला लावली. सगळी चटणी खाल्ली आणि बोटं चाटली.

"हणमंता, पुंडलिकाला सांग... फार दिवसांनी केलीस रे चटणी म्हणावं. आणि तू आज भाजीला सुट्टी दिलीस वाटतं?"

हणमंतराव ताटाकडे बघत राहिले. डावीकडे भाजीची वाटी काठोकाठ भरलेली होती.

पुंडलिकानं हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं. रागाच्या जागी भीती आली. तो तसाच टेकडी उतरला आणि तालुक्याहून शेख डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाईंनी डोळे पाहिले, कान पाहिले, पाय पाहिला. मग बाबांची काठी त्यांच्यासमोर आडवी धरली.

"बाबा, हिला बरोबर मधोमध धरा."

बाबांनी उजव्या टोकाजवळ धरली. बाईंनी आपले हात काढले. काठी कलंडली आणि खाली पडली.

"पुन्हा धरा."

पुन्हा तिथेच.

"हाच मध्य आहे," बाबा ठामपणे म्हणाले.

बाई पुंडलिकाकडे वळल्या. "मेंदूचा उजवा भाग डाव्या बाजूचा कारभार बघतो. तिथलं रक्त अडलं होतं. यांचे डोळे चांगले आहेत, कानही चांगले आहेत. दोघंही बातमी आणतात. पण डावीकडची बातमी ऐकून घेणारं जागेवर कोणी नाही. तुम्ही डावीकडून बोललात तरी त्यांना आवाज उजवीकडचा वाटतो."

"पण अर्धं ताट दिसत नाही, हे त्यांना कळत कसं नाही?"

"कळायला तोच भाग लागतो. त्यांना ताट अख्खंच वाटतं."

बाबा ऐकत होते.

"बाबा, मुद्दाम मान वळवायची," बाई म्हणाल्या. "आपोआप होणार नाही. ठरवून, दर वेळी."

बाबांनी मान वळवायला घेतली. ती मध्येच अडली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा वळवली. हनुवटी हळूहळू डाव्या खांद्यापाशी आली.

"अरे... तू इथे बसतोस?"

"रोज, बाबा."

बाबांनी उजवा हात आडवा नेला आणि त्याचं मनगट धरलं. पुंडलिकाला रडू आवरेना.

"मला वाटलं, तुम्ही मला टाकलंत. हणमंतराव आले आणि..."

बाबांनी पुढचं बोलू दिलं नाही.

"हणमंताची आजची भाजी कशी होती रे? मला मिळाली नाही."

पुंडलिक बाहीनं डोळे पुसू लागला.

"सांग की."

"मी खात नाही, बाबा."

"कधीच नाही खाल्लीस?"

"नाही."

"तुझ्या ताटात वाढत नाहीत?"

"रोज वाढतात..." पुंडलिकाचा आवाज खाली गेला. "मी ती गाईला घालतो."

हणमंतराव भिंतीकडे बघू लागले.

"बरं. हणमंता मठात का आला, ते तरी ठाऊक आहे?"

"नाही."

"विचारलंस कधी?"

"...नाही."

बाबांनी त्याचं मनगट सोडलं नाही. डॉक्टरीणबाई पिशवी भरत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं.

"बाई, इतक्यात निघू नका. याचंही डोकं तपासायचंय."