पुराव्याची पंगत

आपल्या राज्यात बाळंतिणी आणि तान्ही बाळं दगावतात, याचं करंजगडच्या भुजंगराव राजाला फार वाईट वाटे. इतकं वाईट वाटे, की त्याने त्यासाठी एक वेगळा खजिनाच काढला. आई-बाळांचा जीव वाचवणारी नवी युक्ती जो आणील, त्याला त्यातून पैसा मिळणार होता. गावोगाव दवंडी पिटली. खजिन्याला चांदीचं कुलूप बसलं, कुलपावर पहारा बसला. पैसा तेवढा बाहेर पडेना. कारण राजाची अट होती: युक्ती नवीकोरी हवी, आणि तिच्यामुळे जीव वाचल्याचा पुरावा आधी हवा.

या अटीत बसणारा एकच गृहस्थ निघाला. एका वैद्यबुवांनी आपल्या नव्या चूर्णाचा पुरावा म्हणून स्वतःची दोन नातवंडं दरबारात आणून बसवली. चूर्णाची बरणी अजून उघडलीही नव्हती, पण नातवंडं खरोखरच गुटगुटीत होती. बुवांना थैली मिळाली.

अशा या दरबारात नावाड्याची लेक धुरपा येऊन उभी राहिली. गडाखालच्या नदीला पूर आला की होड्या बंद पडत. सुईण अलीकडच्या काठाला, वाड्या पलीकडच्या. मागच्या पुरात धुरपाची बहीण तानू पलीकडे अडली, सुईण अलीकडे पाण्याकडे बघत बसली, आणि बाळ गेलं. तानू आता पुन्हा पोटुशी होती. दिवस भरत होते ते नेमके श्रावणात. धुरपाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"महाराज, दोन्ही काठांवर कातळात खांब रोवायचे आणि वरून जाड दोर ताणायचा. दोराला लोखंडी कप्पी, कप्पीला पाळणा. पूर खालून जाईल, सुईण वरून."

"झकास! पण असं कुठे पाहिलंस?" राजाने विचारलं.

"कुठंच नाही. म्हणून तर नवं."

खजिनदार आबाजीपंत खाकरले. "त्यापेक्षा बायांनी आधीच अलीकडे येऊन राहावं."

"येतील की. तेवढे दिवस त्यांच्या म्हशींचं शेण पंत काढणार असतील तर."

राजा म्हणाला, "युक्ती मला पसंत आहे. आता तुझ्या दोरामुळे वाचलेली एक आई आणि तिचं बाळ आणून दाखव, लगेच पैसा देतो."

"दोर टांगला की दाखवते."

"आधी दाखव, मग दोराला पैसा."

"पैशाशिवाय दोर टांगू कसा, महाराज?"

"ते तू बघ. सरकारी पैसा आहे, असा पाण्यात घालता येत नाही."

दरबाराने मान डोलावली. हा दरबार त्या कामात चांगला तरबेज होता.

धुरपाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण इथे रागावून किंवा रडून कुणाला दमडी मिळाल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तिने हात जोडले. "बरं. उद्या दुपारी पंतांना घेऊन माझ्याकडे जेवायला या. पुराव्याचं तिथंच बोलू."

दुसऱ्या दिवशी राजा आणि पंत भर उन्हात गड उतरून नदीकाठी आले, तेव्हा त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. चुलीवर मरळ माशाचं कालवण रटरटत होतं. शेजारी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड. पाट मांडले होते, केळीची पानं धुऊन ठेवली होती. दोघे बसले. धुरपा हातात पळी घेऊन नुसतीच उभी.

"वाढ की," राजा म्हणाला.

"वाढते. आधी ढेकर द्या."

"काय?"

"तृप्तीचा ढेकर, महाराज. कालवण नवं आहे, आज पहिल्यांदाच केलंय. त्यानं पोट भरतं याचा पुरावा नको? एकदा ढेकर ऐकला की लगेच वाढते."

"जेवल्याशिवाय ढेकर कसा येईल?" राजा तापला.

"ते तुम्ही बघा. कष्टानं धरलेले मासे आहेत, असे कुणाच्याही पोटात घालता येत नाहीत."

पंतांना मात्र आता धीर धरवेना. कुठलीही अट कशी पुरी करायची, हे ते जन्मभर बघत आले होते. त्यांनी चार घोट हवा गिळली, पोट दाबलं आणि असा खणखणीत ढेकर दिला की काठावरचे बगळे उडाले.

"हा घे पुरावा. वाढ आता."

धुरपाने पंतांच्या पुढचं पान उचललं. "पोट भरलं ना? मग आता जेवण कशाला?"

राजा एकदा आपल्या रिकाम्या पानाकडे आणि एकदा चुलीकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे ढेकर नाही दिला तर जेवण मिळत नाही. आणि दिला तर जेवणाची गरजच उरत नाही."

"बरोबर, महाराज. तुमचा खजिना असाच तर भरलेला राहिलाय."

आणि राजा असा हसत सुटला की पाटावरून घसरला. डोळे पुसत त्याने हुकूम सोडला: दोर, लोखंड, सुतार, लोहार, सगळं उद्याच नदीवर, श्रावणाच्या आत पाळणा चालू, आणि त्यावर देखरेख धुरपाची, दरबारच्या पगारावर.

"पण महाराज," पंत कळवळले, "दोर तुटला तर?"

"म्हणून पहिल्या फेरीला पंतांना बसवू," धुरपा म्हणाली. "बाया-बाळं त्यानंतर."

राजा पुन्हा हसू लागला. "मंजूर. आता तरी वाढ, पोरी."

"वाढते. आधी चावी द्या."

राजाने हसत हसतच पंतांच्या कमरेची खजिन्याची चांदीची चावी ओढून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. धुरपाने ती पदराच्या गाठीत पक्की बांधली. श्रावणात तानूपर्यंत सुईण पोचणार होती. तिने पंतांचंही पान परत मांडलं, आणि दोघांना पोटभर वाढलं.